कनोजचे अत्तर व त्याची परिभाषा

'अत्तर' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्याला एके काळी काही निश्चित अर्थ होता ह्याचे स्मरणही सहसा राहत नाही. मद्यार्क न घातलेल्या कोणत्याही सुगंधी द्रवास आज अत्तर म्हणतात. उत्तर प्रदेशातील कनोज येथे मात्र एकेका कुटुंबाच्या मालकीचे लहान कारखाने अजूनही फुले, मुळे आणि चक्क माती ह्यांपासून सुगंध काढतात. त्यांच्या व्यवहारात हा शब्द एका विशिष्ट कृतीचा वाचक आहे. फुलांची वाफ चंदनाच्या तेलात मुरवून जे सिद्ध होते ते अत्तर. असा आधार न घेता काढलेले नुसते सुगंधी तेल म्हणजे 'रूह'. ह्या भेदावर त्या कारखान्यांचा निर्वाह अवलंबून आहे, म्हणून तो केवळ कोशकारांच्या आस्थेचा विषय नव्हे.

शब्दांचे मूळ पाहिले तर अरबीतील 'इत्र' फारसीच्या द्वारे हिंदीत व मराठीत आला. ते विकणारा तो अत्तार, आणि हे व्यवसायनाम महाराष्ट्रात आडनाव म्हणून टिकून आहे. 'रूह' म्हणजे आत्मा. 'अर्क' हा शब्द मराठी वाचकास संस्कृत वाटण्याचा संभव आहे. परंतु अर्क काढण्यातील अर्क सूर्यवाचक नसून घाम ह्या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला आहे. थंड भांड्यावर जमणारे थेंब पाहणाऱ्याला ही उपमा सुचावी, हे स्वाभाविकच होय. ह्यावरून ही विद्याच बाहेरून आली असे मानणे मात्र घाईचे ठरेल. 'गंधवाद' नावाच्या संस्कृत ग्रंथाची मराठी टीकेसह उपलब्ध झालेली पोथी प. कृ. गोडे ह्यांनी अभ्यासिली आणि तिचा काळ सुमारे १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरविला. गंधशास्त्राची चर्चा मराठीतून त्या काळी होत होती, एवढे तरी त्यावरून निश्चित होते.

भट्टीवरील परिभाषा अशीच संमिश्र आहे. तांब्याचे मोठे भांडे ती 'देग', हा शब्द फारसी. तिचे झाकण 'सरपोस'. मराठी पलंगपोसातील 'पोस' तोच. देगेत फुले व पाणी घालून झाकणाची फट चिकणमाती व कापूस ह्यांच्या लेपाने बुजवितात. 'चोंगा' म्हणजे सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी. तिच्यातून वाफ 'भपक्या'त उतरते. भपका हा शब्द हिंदी 'भाप'वरून आला. ती भाप आणि मराठी वाफ ह्या दोन्ही संस्कृत 'बाष्पा'च्या लेकी. भपका ज्या हौदात बुडवून थंड ठेवतात त्यास 'गच्ची' म्हणतात. मराठी माणूस गच्चीवर चढतो, कनोजचा कारागीर गच्चीत हात घालतो. चुन्याच्या बांधकामाचा वाचक असलेला फारसी 'गच' दोहोंच्या मुळाशी आहे. हात घालण्याचेही कारण आहे. तेथे उष्णतामापक नसतो. भपक्याला व पाण्याला हात लावूनच किती वाफ उतरली आणि आच केव्हा कमी करावयाची हे कारागीर ठरवितो.

भपक्यात आधीच चंदनतेल घातलेले असते. वाफ निवली की तेल वर राहते. तळाच्या छिद्रातून पाणी काढून ते पुन्हा देगेत ओततात, नवी फुले घालतात, आणि हे आवर्तन कित्येक दिवस चालते. पाणी परत ओतण्यात काटकसरीपेक्षा अधिक काही आहे. गुलाबाच्या गंधातील फेनिल-एथिल अल्कोहोल पाण्यात बरेच विरघळते व एरवी गुलाबजलातच राहून जाते. तेच पाणी पुनःपुन्हा तेलाच्या संगतीत आल्याने त्याचाही अंश तेलास मिळतो. शिवाय चंदनातील सँटॅलॉल सावकाश उडणारे असल्यामुळे फुलांचा चंचल गंध त्याच्याबरोबर रेंगाळतो. गुलाबाची रूह एक किलो हवी असेल तर काही हजार किलो फुले लागतात. अत्तर त्या मानाने सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात राही ते ह्या तेलामुळेच.

परंतु चंदनच दुर्मिळ झाले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने हा वृक्ष असुरक्षित जातींत नोंदविला. कर्नाटकाने २००१ मध्ये व तमिळनाडूने २००२ मध्ये खाजगी लागवडीस अनुकूल असे कायद्यांत बदल केले, पण गाभा सुगंधी होण्यास वर्षानुवर्षे लागतात. तेल महागल्यावर पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी द्रव पॅराफिन आले आणि फुलांच्या जागी रासायनिक गंध आला. नाव मात्र अत्तरच राहिले.

अर्थाचा हा पालट 'मिट्टी' ह्या अत्तरात स्पष्ट दिसतो. भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत घालून पहिल्या पावसाचा वास चंदनतेलात उतरवितात. १९६४ मध्ये बेअर व टॉमस ह्या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ह्याच वासाला ग्रीक शब्दांवरून 'पेट्रिकोर' असे नाव दिले, आणि त्या संशोधनात ह्या भारतीय अत्तराची दखल घेतली. पेट्रिकोर हे वासाचे नाव आहे, मिट्टी हे देगेत घातलेल्या द्रव्याचे. कनोजच्या परिभाषेत गुलाब, बेला, खस ही सर्व नावे द्रव्यवाचक होती. बाजारात ती गंधवाचक झाली: 'गुलाब' म्हणजे गुलाबापासून केलेले असे नव्हे, गुलाबासारखे. लहान कारखानदाराची अडचण नेमकी येथे आहे. त्याच्या बाटलीवर आणि शेजारच्या स्वस्त बाटलीवर शब्द एकच, आणि दोहोंच्या किमतीतील अंतर समजावून सांगणारा शब्द गिऱ्हाइकाजवळ उरलेला नाही.

कनोजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळाल्याने स्थळाचे नाव सुरक्षित झाले. 'अत्तर' हे सामान्यनाम सर्वांस मोकळेच राहिले. १९९१ पासून कनोज येथे असलेल्या सुगंध व सुरस विकास केंद्रात तेलांचे पृथक्करण होऊ शकते, पण फायाभर अत्तर घेणारा प्रयोगशाळेत जात नाही. त्याला दुकानात दोनच गोष्टी विचारता येतात: देगेत काय घातले होते, आणि भपक्यात कोणते तेल होते.