ज्येष्ठांची निवासी संकुले : वास्तूची हमी आणि सेवेचा भरवसा

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण लोकसंख्येच्या ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के या सरासरीहून अधिक होते. या वयोगटातील ज्या शहरी मध्यमवर्गाकडे निवृत्तिवेतन किंवा बचत आहे, स्वतःचे घर आहे आणि ज्यांची मुले परगावी वा परदेशी स्थायिक झाली आहेत, त्यांच्यासाठी गेल्या दोन-अडीच दशकांत ज्येष्ठांच्या निवासी संकुलांचा पर्याय उभा राहिला. पुण्यात परांजपे स्कीम्स या बांधकाम संस्थेने उभारलेली 'अथश्री' ही संकुलांची मालिका आणि नेरळ येथील डिग्निटी फाउंडेशनची वसाहत ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. ही संकुले वृद्धाश्रमांहून मुळातच वेगळी आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे आणि तिचा हेतू आश्रय देणे हा आहे, तर निवासी संकुलात राहणारी व्यक्ती स्वतःच्या पैशाने सदनिका विकत किंवा भाड्याने घेते आणि त्यासोबत भोजन, स्वच्छता, सुरक्षा, वैद्यकीय मदत अशा सेवांसाठी दरमहा शुल्क भरते.

या व्यवस्थेचे साधारणतः तीन स्तर मानले जातात. पहिल्या स्तरात, म्हणजे स्वतंत्र निवासात, व्यक्ती आपले सर्व व्यवहार स्वतः करते आणि सेवा केवळ सोयीपुरत्या असतात. दुसऱ्यात, ज्याला 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणतात, आंघोळ, कपडे घालणे, वेळेवर औषधे घेणे अशा कामांत रोज माणसाची मदत लागते. तिसऱ्यात अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची चोवीस तास शुश्रूषा करावी लागते. आपल्याकडील बहुतेक संकुले पहिल्या स्तरासाठी बांधलेली आहेत, आणि त्यांचे बहुतेक गुणदोष या एकाच गोष्टीतून उगम पावतात.

गुणांपैकी सर्वांत सहज दिसणारा गुण वास्तुरचनेचा आहे. वृद्धापकाळी पडणे हे हाड मोडण्याचे आणि त्यानंतर कायमचे परावलंबी होण्याचे एक प्रमुख कारण असते. तरीही शहरांतील कितीतरी जुन्या इमारतींना उद्वाहक नाही, न्हाणीघराला उंच उंबरठा आहे आणि फरशी ओली होताच निसरडी होते. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी नमुना मार्गदर्शक सूचना दिल्या, तर महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच महारेराने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी बांधकामाचे किमान निकष ठरवले. त्यांत चाकांची खुर्ची जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, दोन्ही बाजूंना कठडे असलेले रुंद जिने, न्हाणीघरात धरायच्या दांड्या व न घसरणारी फरशी, आणि संकटसमयी दाबायची घंटा यांचा समावेश आहे.

तथापि याहून मोठा लाभ घर चालवण्याच्या ओझ्यातून होणाऱ्या सुटकेचा आहे, आणि तो जाहिरातींत क्वचितच नीट मांडला जातो. नळ दुरुस्त करणारा शोधणे, कामाला येणाऱ्या मावशी सुट्टीवर गेल्या की पर्याय बघणे, सोसायटीच्या सभेतील वाद, बँकेच्या खेपा यांत वृद्ध दांपत्याचा बराचसा दिवस जातो. त्यातही पन्नास वर्षे रोज दोन वेळचा स्वयंपाक केलेल्या स्त्रीला सामाईक भोजनगृहामुळे प्रथमच खऱ्या अर्थाने निवृत्ती मिळते. पुरुषाला ती अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी मिळालेली असते, तिला मात्र कुटुंबव्यवस्थेने कधीच दिलेली नसते. समवयस्कांचा सहवासही असाच महत्त्वाचा आहे. सकाळचे फिरणे, पत्त्यांचा डाव, वाचनगट, गणेशोत्सवातील कार्यक्रम यांमुळे दिवसाला आकार येतो, आणि शेजारच्याने दार उघडले नाही हे कोणाच्या तरी लगेच लक्षात येते.

दोषांचा विचार करताना प्रथम पैशाचा हिशेब करावा लागतो. समजा, पासष्टाव्या वर्षी मासिक शुल्क ३०,००० रुपये आहे आणि ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढते, तर सत्याहत्तराव्या वर्षी ते सुमारे ६०,००० रुपये होईल. याउलट ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेएवढे, म्हणजे ३० लाख रुपये, ८.२ टक्के दराने गुंतवले तर महिन्याला सरासरी २०,५०० रुपये व्याज मिळते आणि ही रक्कम पाच वर्षे एक रुपयानेही वाढत नाही. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्या, महागाईभत्ता नसलेल्या व्यक्तीसाठी ही तफावत वयाबरोबर रुंदावत जाते, आणि नेमकी ज्या वर्षांत सेवेची गरज सर्वाधिक असते त्याच वर्षांत ती पेलेनाशी होते.

सर्वांत गंभीर उणीव सेवेच्या शाश्वतीची आहे. स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर असते, म्हणजे भिंतीला हमी आहे. परंतु भोजन, परिचर्या आणि वैद्यकीय मदत किती वर्षे, कोणत्या दर्जाची आणि कोणत्या दराने मिळेल हे मुख्यतः सेवाकरारावर अवलंबून असते. घर विकणारा विकासक एक आणि सेवा देणारी संस्था दुसरी अशी विभागणी अनेकदा असते, आणि सेवासंस्था बदलली किंवा निघून गेली तर रहिवाशांच्या हाती सदनिका तेवढी उरते. केंद्राच्या नमुना सूचनांनी विकासक, सेवासंस्था आणि रहिवासी यांच्यातील त्रिपक्षीय करार सुचवला तो याचसाठी. पण ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येत असली तरी ऐंशीव्या वर्षी कज्जा चालवण्याचे बळ किती जणांत असते, हा विचारही केलाच पाहिजे. शिवाय रहिवासी परावलंबी झाल्यास काय, या प्रश्नावर अनेक करार संदिग्ध असतात. काही ठिकाणी शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून स्वखर्चाने परिचारक आणावा लागतो, काही ठिकाणी कुटुंबाने अन्यत्र सोय करावी असे सांगितले जाते, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत तर ही वेळ फार लवकर येते. ज्या भीतीपोटी माणसाने घर बदलले, तीच भीती खरी होताना संकुलाने हात वर करावेत, ही या व्यवस्थेतील सर्वांत दुःखद विसंगती आहे.

मालकीचा प्रश्नही साधा नाही, कारण वयाची अट असलेल्या वसाहतीतील सदनिका वारशाने मुलांना मिळाली तरी पन्नाशीच्या आतील मुलाला तेथे राहता येईलच असे नाही. ती दुसऱ्या ज्येष्ठालाच विकावी किंवा भाड्याने द्यावी लागते आणि तोवर मासिक शुल्क चालूच राहते.

सामाजिक अंगाने पाहता, केवळ एका वयोगटाची वसाहत ही कल्पना अमेरिकेत रुजली. ॲरिझोनातील सन सिटी १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली तेव्हापासून ती तेथे सर्वमान्य आहे. मराठी माणसाची सवय मात्र वाड्याची, चाळीची, जिन्यात खेळणाऱ्या मुलांची आहे. जमीन स्वस्त मिळते म्हणून संकुले बहुधा शहराच्या कडेला असतात, आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतून तेथे गेलेल्या माणसाचे ओळखीचे डॉक्टर, ग्रंथालय, नाट्यगृह आणि उधारीवर सामान देणारा वाणी हे सारे एकदम दूर जाते. जेथे सगळेच वृद्ध आहेत तेथे मृत्यूही वरचेवर घडतो, आणि नव्याने जुळलेली मैत्री वारंवार गमावण्याचे दुःख सर्वांना सोसवत नाही.

म्हणूनच जुने घर विकण्यापूर्वी संकुलात काही महिने, शक्य तर पावसाळ्यात, भाड्याने राहून पाहणे इष्ट ठरते. बहुतेक दांपत्ये दोघेही हिंडतेफिरते असताना निवड करतात, त्यामुळे बाग आणि सभागृह डोळ्यांत भरते. वास्तविक निवड करायची असते ती दोघांतील मागे उरणाऱ्या व्यक्तीसाठी, आणि ती बहुतेक वेळा पत्नी असते. करारात तिचे नाव सहधारक म्हणून आहे का, पतीच्या पश्चात शुल्क कमी होते का, अनामत रक्कम कोणाला परत मिळते, आणि ती आजारी पडल्यास रुग्णालयातील कागदांवर सही कोण करणार, एवढे चार मुद्दे लेखी स्वरूपात मिळाल्याखेरीज धनादेश देऊ नये.