पिकल्या वयाची पाटी (भाग ७) : एकोणतिसातला तीस

मागच्या भागात आपण मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला होतो, २०१६ च्या महिला दिनी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेत. ती गोष्ट अक्षरांची होती. आकड्यांसाठी पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूरला जाऊ. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, शेजारी गोंडी. इथे हिशेबही एका भाषेत पुरा होत नाही.

साठी उलटलेल्याला हिशेब येत नाही, ही समजूत आधी सोडा. दरमहा शेकडा दोन रुपयांनी घेतलेल्या पाच हजारांचं चार महिन्यांचं व्याज विचारून पाहा. कागद सापडायच्या आत उत्तर येतं : चारशे. घोडं अडतं ते लिहिताना.

पंचवीस म्हटलं की कानावर आधी पाच पडतात, मग वीस. लिहायचे मात्र आधी दोन. मग पाटीवर ५२ उमटतात. एकोणतीस त्याहून खट्याळ. ऐकू येतो तीस आणि पाटीवर तीन कुठेच नाही! लहान मूल हे घोकून गिळतं. म्हातारा माणूस 'असं का?' विचारतो, आणि प्रश्न रास्त असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढी थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना खुलासे करावे लागले. भीमपुरात तीच रीत शेजाऱ्याच्या तोंडी आहे. तेलुगूत एकवीस म्हणजे इरवै ओकटि, वीस-एक. एकोणतीस म्हणजे इरवै तोम्मिदि, वीस-नऊ. बोलावं तसं लिहावं. शिकवणाऱ्याने हा शेजार वापरून घ्यावा : बोलणं मराठीत, लिहिण्यापुरती तेलुगूची उसनवारी. त्यात मायबोलीचा अपमान होतो असं मला तरी वाटत नाही.

आकारांचाही घोळ आहेच. मराठी एक इंग्रजी नवासारखा, मराठी चार इंग्रजी आठासारखा. पंचांगात एक, मोबाइलवर दुसरं. दोन्ही एकदम शिकवू नयेत. आधी वजनकाट्यावरचे घ्यावेत, पैसे तिथे ठरतात.

पैसे कापले जातात तिथूनच टक्केवारीत शिरता येतं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पुरा हमीभाव. पुढे दर टक्क्याला भावातला एक टक्का वजा. बाराच्या वर माल परत. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. ओलावा अकरा निघाला तर? टक्का म्हणजे शेकड्यामागे एक, हे व्याजामुळे ठाऊक असतंच. ७५ रुपये २१ पैसे तीनदा, म्हणजे क्विंटलमागे २२५ रुपये ६३ पैसे गेले. दहा क्विंटलला किती? 'साडेबावीसशेच्या वर,' असं तोंडी उत्तर लगेच येईल. पाटीवर २,२५६ लिहायचे आहेत, आणि छप्पन्न म्हणताना पुन्हा आधी सहाच ऐकू येणार.