एका ग्राहकास फक्त दोन

सणाच्या तोंडावर ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही मोठ्या दुकानात जा, साखरेच्या नाहीतर तेलाच्या थप्पीवर पाटी दिसते : ‘एका ग्राहकास फक्त दोन’. ती वाचून पुष्कळांचे डोके फिरते. ‘पैसे मोजतो, फुकट नेतो काय?’ रमझानच्या आधी हे वाक्य मी ऐकतो आणि दिवाळीच्या आधीही. बोलणारा बदलतो, सूर तोच. कवीने साखरेवर कशाला बोलावे, असे कुणी म्हणेल. पण घरची पिशवी कवीच्याही हातात असतेच.

पाटीमागचा हिशेब साधा आहे. सेलमधली साखर बहुधा नफ्यासाठी नसतेच, ते आमिष असते. साखरेसाठी आत शिरलेले गिऱ्हाईक जाताना बादली, बिस्किटे, चादर घेऊन जाईल, हा दुकानदाराचा अंदाज. अशा वेळी कोपऱ्यावरचा वाणी येऊन वीस पाकिटे उचलून गेला, तर अंदाज कोसळतो. वाण्याला ती घाऊक बाजारापेक्षा स्वस्त पडतात आणि संध्याकाळी तीच आपल्याला छापील किमतीला मिळतात. म्हणजे पाटी दुकानदाराने स्वतःच्या सोयीसाठी लावलेली असते. तरीही मी तिच्या बाजूचा आहे.

कारण आपल्या शहरांचा दिनक्रम. हजारो माणसे सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री आठ-साडेआठला डोंबिवलीच्या पुलावरून उतरतात. सेल सुरू होतो सकाळी. ज्याला सकाळी येता येते त्यानेच मांडणी रिकामी केली, तर दिवसभर राबून परतणाऱ्या बाईच्या वाट्याला मोकळी फळीच उरते. 26 जानेवारी 2006 रोजी बिग बझारने पहिला ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला, तेव्हा गर्दी आवरेना. पुढे एका दिवसाचे तीन दिवस करण्यात आले. वेळ वाढवणे हीसुद्धा वाटणीच.

माझे भांडण आहे ते मोजण्याच्या पद्धतीशी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य आहे, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. रेशनवर निदान तोंडे मोजतात. सेलमध्ये बिले मोजली जातात. एकटा राहणारा तरुण दोन पाकिटे नेतो आणि नऊ माणसांच्या घरालाही दोनच. मग ते घर चार मुलांना चार रांगांत उभे करते. वाणीही आपली पोरे तशीच उभी करतो. अडकतो तो एकटा, सरळमार्गी माणूस. आणि ‘फक्त चार’ अशी पाटी असली की एकाची गरज असणाराही चार उचलतो, ही गंमत वेगळीच.

20 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत झुंबड उडाली. काही दुकानांनी कुटुंबाला एकच पोते ठरवले. टंचाईची धास्ती असली की मर्यादा लोकांना पटते. सेलमध्ये तीच अपमान वाटते. अपमान वाटतो, कारण ती काउंटरवर पोचल्यावर कळते. जून 2022 मधल्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार आमिषाची जाहिरात करणाऱ्याने मागणीचा अंदाज घेऊन पुरेसा माल ठेवायचा असतो आणि तो कमी पडणार असेल तर जाहिरातीतच तसे सांगायचे असते. ‘एका ग्राहकास दोन’ हेही तिथेच, ठळक अक्षरांत यावे. पान उलटून भिंग शोधायला लागू नये.

याहून सरळ वाट 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दाखवली. शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, माल एकत्र येतो आणि वाटला जातो. ज्याला जेवढे हवे तेवढे त्याने आधीच सांगितलेले असते. पाटी लागतच नाही. पण त्यासाठी शेजाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे लागते आणि सेलला एकट्याने जाता येते.

तोवर दुकानांनी निदान अर्धा स्वस्त माल संध्याकाळी सातनंतर मांडावा. एका दुकानाच्या व्यवस्थापकाला मी हे सुचवले. तो म्हणाला, ‘त्या वेळी माल लावायला माणूस कुठून आणू?’ सकाळी दुसऱ्यांदा रांगेत शिरणाऱ्यांना ओळखायला दोन माणसे उभी होती. त्यातला एक संध्याकाळी लावा, म्हटले.