बोलण्यातल्या रिकाम्या जागा
भाग ६ : ‘कुणी विचारतच नाही’

“घरात मला कुणी विचारतच नाही हो.”

समजा, साठीला टेकलेल्या एक काकू समुपदेशकासमोर बसून हे म्हणाल्या. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच चित्र उभं राहतं : मुलगा-सून आपल्या व्यापात, काकू एकट्या पडलेल्या. मानही हलते, “कळतंय मला.” माझ्या मते इथेच घात होतो. काकूंनी यातलं काहीच सांगितलेलं नाही, चित्र ऐकणाऱ्याने आपल्या पदरचं भरलं आहे. कुणी म्हणजे कोण? विचारत नाही म्हणजे सल्ला घेत नाहीत, की किंमत देत नाहीत? मराठीत ‘विचारणं’ दोन्ही अर्थांनी चालतं.

गेल्या आठवड्यात आपण गप्प बसण्याबद्दल बोललो, आज मोघम बोलण्याबद्दल.

या मोघमपणाची नीट मांडणी १९७५ साली ‘द स्ट्रक्चर ऑफ मॅजिक’ या पुस्तकात झाली. लेखक दोन, रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर. ग्राइंडर भाषाशास्त्रज्ञ. फ्रिट्झ पर्ल्स आणि व्हर्जिनिया सटीर या नावाजलेल्या थेरपिस्टांचं काम दोघांनी बारकाईने पाहिलं आणि ते नेमके काय प्रश्न विचारतात याचा माग काढला. पाया भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीच्या व्याकरणाचा : मनातलं पूर्ण वाक्य ओठांवर येईपर्यंत बदलतं. माणूस काही गाळतो, काही सरसकट करून टाकतो, काही वाकवून सांगतो. थेरपिस्टचा प्रश्न नेमका त्या जागी जातो. याच जोडीने पुढे ‘एनएलपी’चा (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगचा) मोठा पसारा उभा केला. त्यातले बरेच दावे शास्त्रीय कसोटीवर टिकले नाहीत. प्रश्न विचारायची ही रीत मात्र आजही उपयोगी पडते.

पण त्यांची प्रश्नांची यादी इंग्रजीवर बेतलेली आहे. मराठी माणूस लपतो ते मराठीच्या कोपऱ्यांत, आणि ते कोपरे आपल्या थेरपिस्टना ठाऊक हवेत असं मला कळकळीने वाटतं. आपला ‘च’ घ्या. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी इच्छा आणि हट्टाची मागणी यांत फरक केला आणि विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत त्याला फार मोठं स्थान दिलं. मराठीत तो फरक एका अक्षरात मावतो. ‘मला पास व्हायला हवं’ ही इच्छा झाली. ‘मला पास व्हायलाच हवं’ म्हटलं की नापास होण्याला जागाच उरत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो तो त्या ‘च’मुळे.

दुसरा कोपरा ‘आपण’. “आपण सगळ्यांचं करायचं आणि आपणच ऐकून घ्यायचं.” इथे ‘मी’ म्हणायचा धीर होत नाही, म्हणून दुःख सगळ्यांच्या नावावर टाकलं जातं. “आपण म्हणजे तुम्ही का?” एवढ्या साध्या प्रश्नावर कधी कधी माणसाचे डोळे भरून येतात.

अर्थात, हे प्रश्न एकामागोमाग एक फेकले तर ती पोलीस ठाण्यातली चौकशी होते. शब्दात पकडल्यासारखं वाटलं की माणूस मिटतो. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न तर जपूनच वापरावा. “असं का वाटतं तुम्हाला?” म्हटलं की समोरचा स्वतःची बाजू मांडू लागतो, घडलेलं सांगायचं राहून जातं. कोण, काय, केव्हा, कसं हे प्रश्न त्या मानाने मऊ. तेही एका वेळी एकच, आणि मग थांबायचं.

काकूंकडे परत येऊ.

“काय विचारत नाहीत, काकू?”

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहतात. “तसं सून विचारते रोज, भाजी कुठली करू म्हणून. नाही असं नाही.” पुन्हा शांतता. “गावचं घर विकलं ना मार्चमध्ये. सगळं ठरल्यावर मला सांगितलं. सहीपुरतं.”

“कुणी सांगितलं?”

“ह्यांनी.”