कायदा, संगणक आणि मैफल

संगीत आणि संगणक हे दोन शब्द एकत्र आले, की रसिकाच्या मनात प्रथम संशय जागा होतो. चार ओळींची मागणी टंकताच तयार गाणे हाती ठेवणाऱ्या यंत्रणा गेल्या काही वर्षांत आल्यापासून या संशयाचे भीतीत रूपांतर झाले आहे. ही भीती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु याच संगणकाशी संगीताचे एक अगदी निराळे नातेही जडलेले आहे. त्यात वादक श्रोत्यांसमोर बसून संगणकाची आज्ञावली लिहितो. लिहिलेली ओळ तत्क्षणी नाद होऊन ऐकू येते. आणि तो काय लिहितो आहे, काय खोडतो आहे, हे मागच्या पडद्यावर सर्वांना दिसत असते. ‘लाइव्ह कोडिंग’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार केवळ परदेशी तरुणांचा छंद म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

संगणकाकडून संगीत करवून घेण्याची कल्पना प्रत्यक्ष संगणकापेक्षाही जुनी आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर १८४३ साली टिपणे लिहिताना एडा लव्हलेस यांनी असा तर्क केला होता, की स्वरांचे परस्परसंबंध नियमांत मांडता आले, तर असे यंत्र संगीतरचनाही करू शकेल. हा तर्क खरा ठरू लागण्यास शंभर वर्षे लागली. मँचेस्टर येथील फेरांटी कंपनीच्या संगणकाने ख्रिस्तोफर स्ट्रेची यांच्या आज्ञावलीनुसार वाजविलेले ब्रिटनचे राष्ट्रगीत १९५१ मध्ये बीबीसीने ध्वनिमुद्रित केले. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगीतासाठी खास आज्ञावली तयार केली आणि तिच्या साहाय्याने न्यूमन गुटमन यांनी अवघ्या १७ सेकंदांची एक रचना केली. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन यांनी संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी स्वरलिपी तयार करून घेतली. ती वाजविली मात्र माणसांनीच.

या सर्व प्रयोगांत एक मोठी उणीव होती. रचनाकार आज्ञा लिहून देई, यंत्र आकडेमोड करीत राही, आणि नाद कानी पडे तो पुष्कळ काळानंतर. विचार आणि स्वर यांच्यात असे अंतर असेल तर रचना होऊ शकते, मैफल होऊ शकत नाही. यंत्रे लहान आणि वेगवान होत गेली तसे हे अंतर घटले. रॉन कुइव्हिला या अमेरिकन संगीतकाराने १९८५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे रंगमंचावरच आज्ञावली लिहून वादन केले. १९९६ साली जेम्स मॅकार्टनी यांची ‘सुपरकोलायडर’ ही संगीताची संगणकभाषा आली आणि २००४ मध्ये हॅम्बुर्ग येथे या वादकांची ‘टॉपलॅप’ नावाची संघटना उभी राहिली. आपला पडदा श्रोत्यांना दाखवावा, लपवाछपवी करू नये, असा तिचा आग्रह आहे. या सगळ्या चळवळीचे सार त्या आग्रहात आहे.

भारतीय वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा या कथेतील धागा लखनौचा आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी जेम्स किपेन हे अभ्यासक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. तबल्यातील कायदा हा शब्दशः कायदाच असतो. मुखात जे बोल आले तेच पलट्यांत यावयाचे, भरीनंतर खाली यावयाची, खालीत बायाचे घुमारदार बोल बदलून बंद व्हावयाचे; मात्र या मर्यादेत वादकाने आपली बुद्धी चालवावयाची. हे नियम व्याकरणासारखे लिहून काढता येतील काय, असा प्रश्न किपेन आणि फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांना पडला. त्यातून ‘बोल प्रोसेसर’ ही आज्ञावली जन्मास आली. संगणकाने पलटे तयार करावेत, उस्तादांनी ते ऐकून योग्य की अयोग्य ते सांगावे, आणि त्यांनी नापसंत केलेल्या पलट्यांच्या आधारे लिहिलेले नियम सुधारावेत, अशी ही पद्धत होती. येथे यंत्र शिष्याच्या जागी होते, गुरूच्या नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. याच बेल यांनी पुढे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाला संगणकीय रूप देण्याच्या कामातही मोठा वाटा उचलला. या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत.

लखनौचा हा धागा तेथेच तुटला नाही. इंग्लंडमधील अ‍ॅलेक्स मॅक्लीन यांनी विकसित केलेली ‘टायडल’ ही आज लाइव्ह कोडिंगमधील एक प्रमुख भाषा आहे आणि तिच्या लेखनपद्धतीवर बोल प्रोसेसरचे ऋण आहे. टायडलमध्ये काळ मोजला जातो तो चक्राने. एका चक्रात दोन आघात लिहिले तर चक्राचे दोन समान भाग होतात, तीन लिहिले तर तीन. चक्राची लांबी मात्र बदलत नाही. ‘दुप्पट वेगाने’, ‘दर चौथ्या चक्रात उलट क्रमाने’ अशा आज्ञा एकेका ओळीत देता येतात. आवर्तन, दुगुन आणि तिगुन यांच्याशी परिचय असलेल्या श्रोत्याला हा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही. लिहिताना एखादा कंस चुकला, तर यंत्र ती ओळ नाकारते आणि आधीचाच ठेका चालू राहतो. वादकाची चूक अशी सर्वांच्या देखत होते आणि त्याला ती सर्वांच्या देखतच सुधारावी लागते.

या प्रकारावरील आक्षेपही विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा, की पडद्यावरील आज्ञा किती श्रोत्यांना समजणार? दुसरा अधिक गंभीर आहे. ठेका नियमांत सहज बसतो; मींड, गमक, श्रुतींचे सूक्ष्म चढउतार बसत नाहीत. बोटाच्या दाबाने किंवा गळ्याच्या वळणाने क्षणात जे साधते ते अक्षरे टंकून साधणे दुष्कर आहे. हे दोन्ही आक्षेप बऱ्याच अंशी खरे आहेत. तथापि मैफलीत दाद देणाऱ्या प्रत्येकाला तिहाईचे गणित मांडता येते असेही नाही. समेवर येण्याचा आनंद मात्र सर्वांना मिळतो. आणि लाइव्ह कोडिंगने गळ्याची जागा घ्यावी, असा कोणाचा दावाही नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. मागणीसरशी गाणे पुरविणाऱ्या यंत्रणेत मागणाऱ्याला संगीताचे काहीच ठाऊक असावे लागत नाही आणि ते गाणे तसेच का झाले, हेही त्याला कळत नाही. लाइव्ह कोडिंगमध्ये याच्या नेमके उलट घडते. येथे यंत्राला स्वतःचे असे काहीच सुचत नाही. प्रत्येक नियम माणसाने विचारपूर्वक मांडावा लागतो, कानाने पारखावा लागतो आणि पटला नाही तर बदलावा लागतो. दोन्हीकडे साधन संगणकच आहे; परंतु एकीकडे माणूस गिऱ्हाईक होतो, तर दुसरीकडे कर्ता राहतो. संगणकयुगात समाजाला यांपैकी कोणती भूमिका हवी आहे, याचा निर्णय संगीतापुरता मर्यादित राहणार नाही.

या निर्णयाचा आरंभ शाळेत होतो. आपल्याकडे असंख्य शिक्षकांना आणि कारकुनांना संगणकाची ओळख झाली ती २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गात, म्हणजे पत्रे, तक्ते आणि प्रमाणपत्र यांच्या निमित्ताने. ती त्या काळाची गरज होती. परंतु संगणक म्हणजे कचेरीचे अवजार, ही समजूत त्यातून दृढ झाली. सॅम अ‍ॅरन यांनी केंब्रिज येथे २०१२ मध्ये शाळांसाठी ‘सोनिक पाय’ ही आज्ञावली विकसित केली. ती विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावर चालते. ‘प्ले ६०’ असे लिहिले की मध्य सप्तकातील एक स्वर वाजतो. आणखी दोन ओळी लिहिल्या की त्याची आवृत्ती होऊ लागते. पुनरावृत्ती, अट, क्रम या संकल्पना गणिताच्या तासाला रुक्ष वाटतात. येथे त्या कानाला पटतात. शाळेतील संगीतशिक्षक आणि संगणकशिक्षक एका बाकावर बसले, तर झपतालाच्या दहा मात्रांचे २-३-२-३ असे विभाग आठवीतील विद्यार्थीही लिहून वाजवू शकेल. त्यासाठी नव्या इमारतीची किंवा मोठ्या अनुदानाची गरज नाही. दोन विषयांमधील भिंत थोडी खाली आणण्याची तयारी पुरेशी आहे.

असा विद्यार्थी तबलजी होईलच असे नाही, संगणकतज्ज्ञ होईल असेही नाही. पण यंत्र जे करते ते कोणाच्या तरी आज्ञेने करते आणि ती आज्ञा वाचता येते, तपासता येते, बदलता येते, हे त्याला लहान वयात उमगेल. यंत्रांनी दिलेले निर्णय निमूटपणे स्वीकारण्याची सवय जडत असलेल्या काळात ही समज थोडी नव्हे.