बाळाची मान एकीकडे कलते तेव्हा

पहिलटकरीण माहेरी आलेली असते. बाळंतपण पार पडतं, पाचवी पुजली जाते, बारसं होतं. तीनेक आठवड्यांनी कोणाच्या तरी, बहुतेक वेळा आजीच्या, लक्षात येतं की बाळ एकाच बाजूला बघतं. एकीकडे दूध नीट ओढतं, दुसरीकडे घेतलं की चिडतं. डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं आणि हनुवटी डावीकडे वळलेली. सरळ करून निजवलं तरी थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मग घरात कारणं निघू लागतात. ग्रहणात बाहेर पडली असेल, कुणीतरी चुकीचं उचललं असेल, दृष्ट लागली असेल. दवाखान्यात डॉक्टर ‘टॉर्टिकोलिस’ म्हणतात, फिजिओथेरपी लिहून देतात आणि आईच्या पोटात गोळा येतो.

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, या निदानाभोवती घराघरांत जे बोललं जातं त्यातलं बरंच निराधार आहे. काही समजुती नुसत्याच आईला दुखावतात. काही मात्र बाळाचे मोलाचे आठवडे खातात, आणि मला जास्त काळजी त्यांची वाटते.

आधी दोष काय आहे ते पाहू. मानेच्या दोन्ही बाजूंना, कानामागच्या हाडापासून तिरका खाली छातीच्या आणि हासळीच्या हाडापर्यंत उतरणारा एकेक स्नायू असतो. त्याचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. त्यातला एक आखूड आणि घट्ट असला की, तंबूची एका बाजूची दोरी आखूड पडल्यावर खांब तिकडे ओढला जावा तसं डोकं त्या बाजूला कलतं आणि चेहरा उलट बाजूला वळतो. उजवा स्नायू घट्ट असेल तर डोकं उजवीकडे, हनुवटी डावीकडे. हा दोष दुर्मीळ नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत हजारात तीन बाळांपासून शंभरात दोन बाळांपर्यंत त्याचं प्रमाण सांगितलं जातं. हाडं, सांधे आणि स्नायूंच्या जन्मजात दोषांत खुब्याचा सांधा आणि वाकडं पाऊल यांच्यानंतर याचाच क्रमांक लागतो.

‘आईचंच काहीतरी चुकलं’

नाही. पोटात जागा अपुरी पडल्यानं मान बराच काळ एकाच स्थितीत राहणं, बाळ पायाळू असणं, प्रसूती अवघड होणं, अशा गोष्टींशी या दोषाचा संबंध दिसतो. पहिल्या बाळात तो जास्त आढळतो. प्रत्येक बाळात नेमकं एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. पण ग्रहण, आईनं काय खाल्लं, ती कुठल्या कुशीवर झोपली, सुरी-विळी हातात घेतली का, यांचा या स्नायूशी काडीचाही संबंध नाही. बाळंतिणीला हे एकदा नाही, पुन्हापुन्हा सांगावं लागतं, आणि ते तिच्यापेक्षा तिच्या सासरच्यांना आणि माहेरच्यांना सांगावं. पुढचे काही महिने रोज बाळाचे व्यायाम तिलाच करून घ्यायचे आहेत. अपराधी वाटणाऱ्या आईचे हात घाबरत चालतात.

‘मान धरली की आपोआप सरळ होईल’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं, कारण ते प्रेमानं आणि धीर देण्यासाठी म्हटलेलं असतं. बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर मान धरतं हे खरं. पण आखूड स्नायू तसाच राहिला तर ते वाकडीच मान धरतं, आणि मेंदूला तीच स्थिती सरळ वाटू लागते.

उपचार कधी सुरू झाले यावर किती फरक पडतो, हे अमेरिकेतल्या बाल-फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केलं आहे. या सूचना 2013 मध्ये आल्या, 2018 आणि 2024 मध्ये सुधारल्या गेल्या. पहिल्या महिन्याच्या आत व्यायाम सुरू झाले तर सुमारे 98 टक्के बाळांची मान दीड महिन्यात नीट वळू लागते. महिना उलटल्यावर सुरुवात केली तर साधारण सहा महिने लागतात. सहा महिन्यांनंतर सुरुवात केली तर नऊ-दहा महिने, आणि पूर्ण बरी होणारी बाळंही कमी होत जातात. म्हणजे ‘बघू अजून महिनाभर’ याची किंमत महिनाभराची नसते.

पहिल्या महिन्यात आपल्याकडे बाळाला बघायला घरी कोण येतं? आशाताई. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं सिद्ध करून दाखवली आणि पुढे ती देशभर स्वीकारली गेली. मानेसाठी या भेटींइतकी चांगली संधी नाही. पण इथे एक फट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीतल्या जन्मजात दोषांत वाकडं पाऊल आणि खुब्याचा सांधा आहे, मानेचं नाव मात्र वेगळं नाही. म्हणून कुणी विचारेल याची वाट न बघता आईनं स्वतःच सांगावं: “ताई, बाळ एकाच बाजूला बघतं.” आशाताईंची भेट चुकली तर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाला नेताना हेच वाक्य नर्सताईंना सांगता येतं. याच कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, तरतूद आहे आणि त्याच्या मंजूर रचनेत फिजिओथेरपिस्ट असतो. जिल्हा रुग्णालयात गेल्यावर त्याची चौकशी नावानिशी करावी.

‘चोळणारी बाई मान बसवून देईल’

बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईंविषयी मला आदर आहे. मानेतली गाठ अनेकदा पहिल्यांदा त्यांच्याच बोटांना लागत असणार, कारण बाळाच्या त्या जागेवरून रोज हात त्यांचाच फिरतो. पण ‘शीर चढली’, ‘हाड सरकलं’ म्हणून झटका देणं, डोकं धरून बाळाला उचलणं किंवा गाठ दाबून विरघळवायचा प्रयत्न करणं अत्यंत धोक्याचं आहे. मुळात इथे हाड सरकलेलंच नसतं, त्यामुळे बसवायचं काही नसतं. आणि एखाद्या बाळाच्या मणक्यातच जन्मजात दोष असेल तर त्या झटक्यानं मज्जारज्जूला इजा होऊ शकते. तेलाचा हलका हात चालेल. मानेला ओढाताण नको. हाडवैद्याकडे नेणंही नको.

त्या गाठीविषयी थोडक्यात. काही बाळांत दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास त्या स्नायूतच बोराएवढी टणक गाठ लागते. ती कर्करोगाची नसते. काही आठवडे वाढते आणि पुढच्या काही महिन्यांत बहुधा आपोआप विरते. डॉक्टर हातानं तपासतात, गरज वाटली तर सोनोग्राफी करतात. तिला सुई टोचायची किंवा ती कापायची घाई करायची नसते. मात्र गाठ विरली म्हणजे स्नायू लांब झाला असं नाही. व्यायाम चालूच ठेवायचे.

‘फिजिओथेरपी म्हणजे रोज बुलढाण्याच्या चकरा’

संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या खेड्यातून जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्यात सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी सुरू असेल तर घरातून निघणंच अवघड. म्हणून बरेच जण एक-दोनदा जातात आणि सोडून देतात. पण या आजारात थेरपिस्टचं मुख्य काम आहे घरच्यांना शिकवणं, आणि ठरावीक दिवसांनी मान किती वळते ते मोजून पुढचा बदल सांगणं. खरा उपचार दिवसभर घरात होतो.

त्यातला एक भाग स्नायू ताणण्याचा. उजवीकडे कलणाऱ्या मानेसाठी उजवा खांदा हलकेच स्थिर धरून डोकं डावीकडे कलवायचं, आणि दुसऱ्या हालचालीत चेहरा उजवीकडे वळवायचा. हे वाचून करू नका. थेरपिस्टसमोर स्वतःच्या हातांनी करून दाखवा, त्यांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच घरी करा. ताण हळू, थोडा वेळ टिकणारा आणि न दुखणारा असावा. बाळ कुरकुरेल, अडवलं म्हणून रडेलही. पण ते कळवळून रडू लागलं, अंग ताठ केलं किंवा त्याचा रंग बदलला तर लगेच थांबायचं. दिवसातून एकदा जोर लावण्यापेक्षा दर वेळी लंगोट बदलताना थोडं थोडं केलेलं जास्त उपयोगी.

दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात बाळ स्वतः मान वळवतं. त्याला ज्या बाजूला बघायला जड जातं, त्या बाजूला सगळं आकर्षण न्यायचं: आईचा चेहरा, खुळखुळा, दार, खिडकीचा उजेड. बाळ उजेडाकडेच बघत असेल तर पाळण्यातली डोक्याची आणि पायाची बाजू अदलाबदल करायची. दूध पाजताना, खांद्यावर घेताना, गप्पा मारताना त्याला त्या बाजूला वळावं लागेल असं धरायचं. घट्ट बाजू खाली ठेवून बाळाला आडवं कडेवर घेण्याची एक पद्धत आहे. त्यात आपला हात बाळाचा कान आणि खांदा यांच्यामध्ये येतो आणि चालता-फिरता स्नायू ताणला जातो. थेरपिस्टकडून ती शिकून घ्यावी. शेतात झाडाला बांधलेली झोळी सोयीची असते, पण झोळीत बाळाला मान वळवायला जागा नसते. मान नीट होईपर्यंत बाळ झोळीत कमीत कमी असावं आणि सपाट सतरंजीवर, कुणाच्या तरी नजरेखाली, जास्त.

आपल्याकडे सगळं बिनसतं ते आई सासरी परतते तेव्हा. सव्वा महिन्यानं किंवा तिसऱ्या महिन्यात घर बदलतं, आशाताई बदलतात, अंगणवाडी बदलते, आणि जी आजी व्यायाम शिकली ती माहेरीच राहते. म्हणून थेरपिस्टकडे जाताना शक्य असेल तर सासरचंही कुणीतरी न्यावं. बाळाच्या बाबांना न्यावंच. फोनवर व्यायामाचा व्हिडिओ काढू द्याल का असं विचारावं. शिवाय मोठा आणि मजबूत हात एका कामाचा असतो: आई चेहऱ्यासमोर बोलत राहते, तेव्हा बाबांनी खांदा स्थिर धरायचा. एकट्या आईवर हे टाकलं तर ती थकते, आणि मग व्यायाम सुटतात.

‘राईची उशी ठेवा, नाहीतर पालथं झोपवा’

एकाच बाजूला डोकं टेकल्यानं ती बाजू चपटी होते. ते पाहून मोहरी भरलेली उशी आणली जाते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी उशी नसावी. त्यानं नाक-तोंड दाबलं जाण्याचा धोका असतो. रात्री पालथं झोपवणंही तसंच धोक्याचं. झोपताना पाठीवर, जागेपणी पोटावर, हे पक्कं धरावं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की अजून रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान अर्धा तास, जागं असताना, पोटावर ठेवावं. सुरुवातीला एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात. आईच्या छातीवर ठेवलं तरी ते धरलं जातं. यानं डोक्यावरचा दाब हटतो आणि मानेत ताकदही येते.

‘शेवटी ऑपरेशनच’, ‘डोक्यानं मंद होईल’

हाँगकाँगमध्ये 821 बाळांवर झालेला मोठा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. वर्षाच्या आत व्यायाम सुरू केलेल्या या बाळांपैकी गाठ असलेल्यांत सुमारे 8 टक्क्यांना आणि गाठ नसून स्नायू घट्ट असलेल्यांत 3 टक्क्यांना शस्त्रक्रिया लागली. ज्यांची मान फक्त सवयीनं कलत होती, त्यांच्यापैकी एकालाही लागली नाही. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे किमान सहा महिने नीट व्यायाम करूनही मान अडकलेली राहिली तरच होतो. बुद्धीचं म्हणाल तर हा मानेतला स्नायू आहे, मेंदूचा आजार नव्हे. काही बाळं एकाच कुशीवर वळतात किंवा एकच हात जास्त वापरतात. तेवढं थेरपिस्टच्या कानावर घालावं.

उलट, प्रत्येक वाकडी मान म्हणजे हाच दोष असंही समजू नये. जन्मापासून सरळ असलेली मान अचानक कलली, ताप किंवा वारंवार उलट्या आहेत, डोळे थरथरतात किंवा तिरळे दिसतात, मान कधी या तर कधी त्या बाजूला जाते, डोकं आणि हनुवटी दोन्ही एकाच बाजूला जातात, किंवा हातापायांची हालचाल कमी वाटते, अशा वेळी व्यायाम सुरू न करता आधी बालरोगतज्ज्ञ गाठावा. यामागे डोळा, मणका किंवा मेंदू असू शकतो. आणि सरळ-साधा टॉर्टिकोलिस असला तरी त्याच भेटीत डॉक्टरांना बाळाचे खुबे तपासायला सांगावं, कारण या बाळांत खुब्याच्या सांध्याचा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि तो वेळेत सापडला तर पट्ट्यावर भागतं.

मान सरळ दिसू लागली की पुष्कळ घरं थेरपिस्टकडे जाणं बंद करतात. पण मूल उभं राहून चालायला लागतं तेव्हा तोल सांभाळताना जुना कल पुन्हा डोकावू शकतो, म्हणून त्या सुमारास एकदा दाखवून यावं. खूप दमलेलं, आजारी पडलेलं किंवा झपाट्यानं वाढणारं मूलही कधी मान थोडी कलवतं. अशा वेळी थेरपिस्टला फोन करावा, त्यांनी सांगितलं तर बंद केलेले व्यायाम पुन्हा सुरू करावेत, आणि आठवडा-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पुढच्या लसीची वाट न बघता मुलाला घेऊन जावं.