ठेच लागते तेव्हा

विद्यार्थी मित्रांनो, घाईघाईने चालताना तुमच्या पायाच्या अंगठ्याला कधी ठेच लागली आहे का? त्या वेळी काय झाले ते आठवा. आधी एक तीव्र कळ येते. थोड्या वेळाने ठणका सुरू होतो आणि तो बराच वेळ राहतो. ठेच एकच, मग वेदना दोन कशा?

याचे कारण आपल्या चेतातंतूंत आहे. चेतातंतू म्हणजे शरीरातील संदेश मेंदूकडे नेणारे बारीक धागे. ते दोन प्रकारचे असतात. काही तंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. विजेच्या तारेवर वेष्टन असते ना, काहीसे तसेच! पण हे आवरण सलग नसते. त्यात ठरावीक अंतरावर अगदी लहान मोकळ्या जागा असतात. संदेश एका मोकळ्या जागेवरून दुसरीवर जणू उड्या मारत जातो. दुसऱ्या प्रकारच्या तंतूंवर मायेलिन नसते. त्यांतून संदेश हळूहळू सरकत जातो.

पहिली कळ मायेलिन असलेले तंतू कळवतात. त्यांतील संदेशाचा वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर असतो. ठणक्याची खबर मायेलिन नसलेले तंतू नेतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर असतो. पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंतचे अंतर साधारण १ मीटर धरा. आता कोणती खबर किती उशिरा पोहोचेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

मग मंद तंतू निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. पहिली कळ सांगते, "सावध हो!" ठणका सांगतो, "आता या पायाला जप."

वेदना आपली पहारेकरी आहे. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंना वेढणाऱ्या पेशींत शिरतात. त्यामुळे तंतू निकामी होतात. मग काटा रुतला किंवा चटका बसला, तरी रुग्णाला कळत नाही. जखमा चिघळतात. पण हा रोग म्हणजे शाप नव्हे. औषधांनी तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. लवकर उपचार केले, तर अपंगत्व टळते. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो लपवू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

मित्रांनो, दुखते म्हणून आपण कुरकुरतो. पण दुखणे कळते, म्हणूनच आपण स्वतःला जपू शकतो.